अडकलेला पटाशीचा दात : ओढायचा, पण कशाला टेकून?

मुलगा नऊ वर्षं दोन महिन्यांचा. खुर्चीत बसला, तोंड उघडलं आणि कशासाठी आणलंय ते विचारायची गरजच उरली नाही. वर मधोमध उजवीकडचा पक्का दात पूर्ण आलेला, चांगला रुंद. त्याला लागून डावीकडे अजून दुधाचाच दात, त्याच्या निम्म्या उंचीचा, राखाडी पडलेला आणि घट्ट. त्याच्या पलीकडचा, म्हणजे डाव्या बाजूचा पटाशीचा दात खरं तर मधल्याच्या नंतर यायचा. तो मात्र येऊन बसला होता आणि आतल्या बाजूला, दुधाच्या दाताकडे, झुकला होता.

मी ऑर्थोडोंटिस्ट आहे, तारा लावून दात सरकवण्याचं माझं काम. या मुलाबद्दल लिहायचं कारण हे की त्याच्या उपचारात एक निर्णय वादाचा होता आणि एक चूक माझी होती. अशा केसच्या लेखांत पहिला फोटो आणि शेवटचा फोटो एवढंच ठळक असतं. मधले दीड-दोन वर्षांचे दिवस दोन वाक्यांत उरकले जातात. शिकण्यासारखं असतं ते त्या दोन वाक्यांत.

उजवा मधला दात सातव्या वर्षी आला होता. त्याला दोन वर्षं झाली होती.

"मी तेव्हाच दाखवलं होतं डॉक्टर," आई म्हणाली. "दोनदा. दोन्ही वेळा म्हणाले, येईल, वाट बघा." मग मुलाकडे एकदा बघून हळू आवाजात, "तीन वर्षांचा असताना माझ्या हातून सुटून पडला होता. तोच दात नंतर काळा पडला. त्यामुळेच झालं ना हे?"

या प्रश्नात अपराधीपणा होता, पण प्रश्न चुकीचा नव्हता. वरच्या मधल्या पक्क्या दाताचा वरचा भाग, ज्याला आम्ही मुकुट म्हणतो, तो बाळ तीन-चार महिन्यांचं असतानाच हाडात घडायला लागतो आणि चार-पाच वर्षांपर्यंत पुरा होतो. एवढा काळ तो दुधाच्या दाताच्या मुळाला अगदी खेटून असतो. या वयात दुधाचा दात मार बसून वर दाबला गेला तर त्याच्या मुळाचं टोक घडणाऱ्या दाताला ढकलतं. मग मुकुट एका दिशेला आणि पुढे घडणारं मूळ दुसऱ्या दिशेला, असा मधेच मोडल्यासारखा दात तयार होतो. कधी तर दाताची धार नाकाकडे वळलेली असते. असा दात जागा करून दिली तरी सहसा आपणहून खाली उतरत नाही.

म्हणजे माझ्यापुढे दोन शक्यता होत्या. दात वाकडा घडला असेल, किंवा दात सरळ आहे पण वाटेत काहीतरी आडवं आलं आहे. ओठ उचलून हिरडीच्या वरच्या खोबणीत बोट दाबलं तर बरंच वर काहीतरी टणक लागलं. टाळूच्या बाजूला, दुधाच्या दाताच्या मागेही, एक बारीक उंचवटा होता. एकाच दाताने दोन ठिकाणी लागायचं काही कारण नव्हतं.

मोजमापं घेतली. उजवा मधला दात ८.७ मिलिमीटर रुंद. दुधाच्या दाताने राखलेली जागा ६.४ मिलिमीटर. वरच्या दातांची मध्यरेषा दीड मिलिमीटर डावीकडे सरकलेली. दात आज खाली आला असता तरी त्याला बसायला जागा नव्हती.

इथे थोडं थांबून पालकांसाठी एक गोष्ट सांगते, कारण "वाट बघा" हा सल्ला मुळात वाईट नाही. त्याला मुदत मात्र हवी. एका बाजूचा मधला दात येऊन सहा महिने झाले आणि दुसरा आला नाही, तर मुदत संपली. खालचे पटाशीचे दात येऊन वर्ष उलटलं आणि वरचे दोन्ही मधले आले नाहीत, तरी संपली. आणि बाजूचा दात मधल्याच्या आधी उगवला, तर एक दिवसही थांबायचं कारण नाही. या मुलात पहिली आणि तिसरी, दोन्ही खुणा होत्या. एक साधा एक्स-रे पावणेआठाव्या वर्षीच निघायला हवा होता.

आत काय होतं

पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत डावा मधला दात दिसला, वर अडकलेला. त्याच्या मुकुटावर आणखी एका दाताची सावली पडली होती. आखूड, पिंपासारखा फुगीर, माथ्यावर दोन-तीन बोंडं. जादा दात. वरच्या जबड्यात मधोमध येणाऱ्या जादा दातांचे मुख्य दोन प्रकार आढळतात. एक सुळक्यासारखा निमुळता, जो पुष्कळदा स्वतःच उगवतो किंवा कुणाला न अडवता पडून राहतो. दुसरा हा बोंडांचा. हा फारसा उगवत नाही, याचं मूळ नीट घडत नाही, आणि तो टाळूच्या बाजूला बसून मधल्या दाताची वाट रोखून धरतो. बरेचदा हे जोडीने असतात, म्हणून उजवीकडेही बारकाईने पाहिलं. तिथे काही नव्हतं.

जादा दात पुढे आहे की मागे, हे एका सपाट चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी जुनी आणि फुकटात होणारी युक्ती आहे. त्याच जागेचे दोन छोटे एक्स-रे काढायचे आणि दुसऱ्या वेळी यंत्राची नळी थोडी बाजूला सरकवायची. नळी ज्या दिशेला सरकली त्याच दिशेला जो दात सरकलेला दिसतो तो टाळूच्या बाजूला असतो, उलट दिशेला जातो तो ओठाच्या बाजूला. जादा दात नळीबरोबर सरकला. म्हणजे टाळूकडे.

एवढ्यावर सर्जनला चीर कुठे घ्यायची ते कळलं असतं. तरी आम्ही लहान क्षेत्राचा सीबीसीटी, म्हणजे तिन्ही बाजूंनी दात दाखवणारा स्कॅन, काढला. मुलांच्या बाबतीत तो सवयीने लिहून द्यायच्या मी विरोधात आहे, कारण किरणांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असते. इथे एक प्रश्न त्याच्याशिवाय सुटत नव्हता : मूळ वाकलं आहे का? उत्तर चांगलं आलं. दात ओठाच्या बाजूला सुमारे २५ अंश कललेला होता, त्याची धार उजव्या दाताच्या मुळाच्या मध्यावर होती, मूळ तीन-चतुर्थांश घडलेलं आणि सरळ होतं. टोकाशी जरासा बाक होता, तेवढा चालतो. शेजारच्या मुळांना झीज नव्हती.

आईला मी पडद्यावर तो बोंडांचा दात दाखवला. "हा पडल्यामुळे होत नाही. दात ज्या पट्टीतून घडतात तिच्यात एखादा जास्तीचा अंकुर फुटतो, काही घरांत तो पिढ्यांमधून दिसतो. पडल्यामुळे दुधाचा दात राखाडी झाला, एवढंच त्या पडण्याचं काम." त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "म्हणजे माझ्याकडे एक एक्स्ट्रा आहे?" त्याला ते फार आवडलं होतं.

वाद

जादा दात काढायचा, दुधाचा काढायचा, जागा करायची, यावर सर्जनचं आणि माझं एकमत होतं. मतभेद पुढच्या पायरीवर होता. अडकलेल्या दाताला त्याच वेळी, पुढे खाली ओढण्यासाठी, साखळी चिकटवायची की अडथळा काढून तो आपणहून येतो का ते बघायचं?

सर्जनचं म्हणणं थांबायचं. मूळ अजून पुरं झालेलं नाही, म्हणजे दातात उगवण्याचा जोर शिल्लक आहे. अडथळा दूर करून जागा दिली की अशा दातांपैकी बरेचसे वर्ष-दीड वर्षात आपणहून खाली येतात. दाताला जितका कमी हात लावू तितकं त्याच्या हिरडीचं आणि मुळाचं भलं. हे सगळं खरं आहे, आणि मुलगा साडेसात वर्षांचा असता तर मी लगेच मान्य केलं असतं.

माझे मुद्दे तीन. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो साडेनऊच्या पुढे असणार होता, आणि मधल्या दाताचं मूळ साधारण दहाव्या वर्षी पूर्ण होतं. उगवण्याचा जोर ओसरायच्या टोकावर तो उभा होता. दुसरं, दात खूप वर होता आणि कललेला होता, सरळ खाली घरंगळण्याच्या बेतात नव्हता. तिसरा मुद्दा दाताचा नव्हताच. थांबलो आणि दात आला नाही, तर याच मुलाला अकराव्या वर्षी पुन्हा पूर्ण भूल, पुन्हा चीर, आणि तोवर शाळेत पुढचा दात नसलेलं तोंड घेऊन वावरणं. नऊ वर्षांच्या मुलाला हे किती लागतं ते मला त्याच्याच सवयीवरून दिसलं होतं. हसताना तो वरचा ओठ दातांवर ताणून धरायचा.

पालकांनी आणखी एक पर्याय विचारला, आणि तो नेहमी विचारला जातो. दात काढून टाका आणि मोठेपणी इम्प्लांट बसवा. अडचण अशी की इम्प्लांट हाडात रुतून बसतो, जबड्याबरोबर वाढत नाही. वाढत्या मुलात बसवला तर काही वर्षांत शेजारचे दात हाडासकट खाली येतात आणि इम्प्लांट वरच राहतो. म्हणून वाढ संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर दात नसलेल्या जागेचं हाड बारीक होतं. उलट खरा दात खाली ओढला की तो आपल्याबरोबर हाड आणि हिरडी दोन्ही घेऊन येतो. मूळ सरळ असलेला दात फेकून देण्यासारखा नव्हता.

साखळी लावायची ठरली. तो दात आपणहून आला असता का, हे सिद्ध करायला दुसरा हाच मुलगा लागेल.

आधी जागा

वरच्या दोन पक्क्या दाढांना कडी आणि आलेल्या तीन पटाशीच्या दातांना ब्रॅकेट, म्हणजे तार बसवायची खाच असलेले छोटे तुकडे, लावले. दाढ ते पटाशीच्या दातापर्यंतच्या मधल्या टप्प्यात दुधाच्या दाढा होत्या, त्यांना काही लावलं नाही. तिथे तार गालाला टोचू नये म्हणून तिच्यावर बारीक नळी घातली. आधी लवचीक निकेल-टायटॅनियमची तार, मग ०.०१८ इंचाची स्टीलची, आणि तिच्यावर उजव्या मधल्या व डाव्या बाजूच्या दातामध्ये दाबलेली स्प्रिंग. राखाडी दुधाचा दात मुद्दाम ठेवला. स्प्रिंग त्याच्या समोरून गेली. नाही तरी भूल द्यायचीच होती, त्याच्यासाठी वेगळी सुई कशाला?

या टप्प्यात घाई करणाऱ्याला एक दगा होऊ शकतो. नऊ-दहाव्या वर्षी वरचा सुळा अजून हाडात असतो आणि त्याचा मुकुट बाजूच्या पटाशीच्या दाताच्या मुळाला टेकलेला असतो. त्यामुळे या वयात बाजूचे दात थोडे पसरलेले, फाकलेले दिसतात. ते तसेच असायला हवेत. जागा करण्याच्या नादात बाजूच्या दाताचं मूळ सुळ्याकडे ढकललं तर ते सुळ्यावर घासून झिजतं. म्हणून डाव्या बाजूच्या दाताचा ब्रॅकेट मी जाणूनबुजून थोडा तिरका लावला, मुकुट सरकेल पण मूळ जागचं फारसं हलणार नाही असा. फोटोत तो दात वाकडा दिसतो. एका सहकाऱ्याने त्यावरून मला टोकलंही होतं.

चार महिन्यांत ९ मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त जागा झाली. मध्यरेषाही जवळपास जागेवर आली.

शस्त्रक्रिया

पूर्ण भूल देऊन, तासाभरात झाली. सर्जनला टाळूच्या आणि ओठाच्या, दोन्ही बाजूंनी जायचं होतं आणि मला दात कोरडा हवा होता. जागं मूल आणि कोरडा दात हे एकत्र कठीण.

दुधाचा दात आधी निघाला. टाळूची हिरडी दातांच्या कडेने सोडवून मागे केली आणि जादा दात दोन तुकडे करून काढला, म्हणजे हाड कमी कोरावं लागलं. मग ओठाच्या बाजूने हिरडीचा पडदा उचलला. हाडाचा पातळ पापुद्रा दूर केल्यावर दाताचं आवरण दिसलं. ते उघडताना मी सर्जनला दोनदा म्हणाले, "पुरे, एवढंच." साखळीच्या टोकाची चकती चिकटेल इतकाच मुकुट उघडा करायचा असतो. मुकुट आणि मूळ जिथे जुळतात तिथपर्यंत उघडं केलं तर पुढे मूळ झिजण्याचा आणि हिरडी मागे सरण्याचा धोका वाढतो.

मुकुटाला ३७ टक्के फॉस्फरिक आम्ल लावलं, धुतलं, सुकवलं, बाँडिंग (चिकटवायचं द्रव्य) लावून सोन्याचा मुलामा दिलेली बारीक साखळी चिकटवली आणि प्रकाशाने घट्ट केली. पडदा बंद करण्याआधी साखळीला नेट लावून ओढून पाहिलं. ही दहा सेकंदं कधीही वाचवू नयेत. पडदा शिवल्यावर चकती सुटली तर दुसरी शस्त्रक्रिया अटळ असते.

साखळी बाहेर कुठून काढायची हा मला सर्वांत महत्त्वाचा तपशील वाटतो. दुधाच्या दाताची नुकती रिकामी झालेली खोबण समोर होती. साखळी तिच्यातून खाली आणली आणि हिरडीचा पडदा जसा होता तसा पुन्हा शिवून टाकला. म्हणजे दात त्याच वाटेने, हिरडीच्या जाड आणि हाडाला घट्ट चिकटलेल्या पट्ट्यातून बाहेर पडणार. दुसरी पद्धत दात उघडा ठेवण्याची. त्यात दात डोळ्यांना दिसतो, चकती सुटली तर लगेच पुन्हा लावता येते. पण वर अडकलेल्या पुढच्या दाताची हिरडी त्या पद्धतीत नंतर बरेचदा वेडीवाकडी दिसते, आणि ही जागा हसताना दिसणारी आहे.

मुलाने शुद्धीवर आल्यावर जादा दात मागितला. तुकडे होते, तरी डबीत घालून दिले.

चूक

दहा दिवसांनी ओढायला सुरुवात करायची होती. शस्त्रक्रियेसाठी स्टीलची तार काढून ठेवली होती. हिरडी अजून सुजरी होती, मुलगा हात लावू देत नव्हता, आणि स्टीलची तार खाचेत बसवायला जोर लागत होता. मी सोपा रस्ता घेतला. ०.०१४ इंचाची लवचीक निकेल-टायटॅनियमची तार टाकली, जागा टिकावी म्हणून दोन दातांमध्ये नळीचा तुकडा घातला आणि साखळीची कडी सरळ त्या तारेत अडकवली. तार वरच्या बाजूला वाकली, आता ती सरळ होताना दाताला खाली आणेल. मुलाला दुखलं नाही. मला बरं वाटलं.

सहा आठवड्यांनी तो आला आणि म्हणाला, "डॉक्टर, पुढच्या दातांनी तुकडा तुटतच नाही." दात मिटायला सांगितले. डावीकडे वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये मिलिमीटरभर फट. अडकलेला दात खाली यायच्या ऐवजी त्याचे दोन शेजारी वर चढले होते.

हे चित्र पाहिलं की ऑर्थोडोंटिस्टच्या पोटात गोळा येतो, कारण त्याचा एक अर्थ फार वाईट आहे. दाताचं मूळ हाडाशी जुळून एकजीव झालं असेल तर तो ओढून हलत नाही. मग ओढ शेजाऱ्यांवर उलटते आणि तेच वर चढतात. दात हाडाला धरून बसलाय का, हे उगवलेल्या दातावर टकटक करून आवाजावरून थोडंफार कळतं. हिरडीखालच्या दातावर टकटक कशी करणार?

दुसरा अर्थ साधा होता आणि माझ्याकडे बोट दाखवत होता. आपण दोरीने कुणाला ओढतो तेव्हा आपणही त्याच्याकडे ओढले जातो, पाय कशाला तरी रोवलेले नसतील तर. इथे लवचीक तार म्हणजे न रोवलेले पाय. अडकलेल्या दाताभोवती हाड होतं, शेजाऱ्यांना तसा विरोध नव्हता. जाड ताठ तार असती तर ओढीची उलट बाजू दोन्ही दाढांसकट सगळ्या दातांवर वाटली गेली असती. माझ्या तारेने ती अख्खी दोन शेजाऱ्यांच्या डोक्यावर टाकली.

चित्र एक, कारणं दोन. वेगळी काढायची तर आधी आपली चूक दुरुस्त करावी लागते. साखळी सोडली आणि ओढ बंद केली. लवचीक तारेनेच शेजारी पुन्हा खाली आणले, मग ब्रॅकेटच्या ०.०२२ इंचाच्या खाचेत ०.०१९ बाय ०.०२५ इंचाची चौकोनी स्टीलची तार बसवली. यात दीड महिना गेला. आता ताठ तार पाया आणि तिच्यावरून दुसरी बारीक लवचीक तार, फक्त साखळीला धरून ओढणारी. जोर काट्याने मोजला, ६० ग्रॅमच्या आत ठेवला. दिशा सरळ खाली आणि किंचित टाळूकडे, कारण दात ओठाच्या बाजूला कललेला होता. बाहेरच्या अंगाला ओढला असता तर ओठाखालच्या पातळ, सैल कातडीतून फुटला असता.

पालकांना हे सगळं सांगितलं. वडिलांनी विचारलं, "मग पहिल्याच दिवशी जाड तार का नाही लावली?"

"लावायला हवी होती," मी म्हणाले. "त्याला दुखू नये म्हणून टाळलं. तीन महिने गेले त्यात."

त्यांना मी तेव्हाच हेही सांगून ठेवलं की दोन महिन्यांत दात हलला नाही तर सर्जनला पुन्हा हिरडी उघडून तो हलकेच सैल करावा लागेल, आणि तसं करूनही काही दात पुन्हा चिकटतात. त्या घरात ते दोन महिने कसे गेले असतील कोण जाणे. मी स्वतः प्रत्येक भेटीत साखळीच्या बाहेर आलेल्या कड्या मोजत होते.

दोन महिन्यांनी त्याच कोनातून एक्स-रे काढला आणि आधीच्याशी ताडून पाहिला. दाताची धार उजव्या दाताच्या मुळावर दीड-दोन मिलिमीटर खाली सरकली होती. शेजारी जागच्या जागी. मूळ मोकळं होतं, चूक तारेची होती.

बाहेर

पुढचं काम कंटाळवाणं आणि म्हणूनच समाधानाचं. दर चार-पाच आठवड्यांनी भेट, एक कडी कापायची, पुन्हा बांधायचं. महिन्याला साधारण मिलिमीटरभर. साखळीभोवती ब्रश फिरवायला मुलगा आळस करायचा आणि हिरडी लाल व्हायची. तेवढ्यावरून आमचे खटके उडायचे.

ओढ नव्याने सुरू झाल्यापासून सातव्या महिन्यात हिरडीच्या काठाला पांढरी रेघ दिसली. दात बरोबर मधोमध, जाड हिरडीतून आला. चकती काढून खरा ब्रॅकेट लावला, थोडा गोल फिरलेला होता तो सरळ केला. शेवटचे चार मिलिमीटर आणि ओळीत बसणं यात आणखी पाच महिने गेले. तारा काढल्या तेव्हा मुलगा दहा वर्षं दहा महिन्यांचा होता. तारा तोंडात वीस महिन्यांच्या आसपास राहिल्या. पहिल्या दिवशी मी दीड वर्ष सांगितलं होतं.

दात जिवंत आहे, गार लावलं की लगेच कळतं त्याला. एक्स-रेत मुळाचं टोक बंद झालं आहे, थोडं बोथट आहे आणि उजव्यापेक्षा मूळ किंचित आखूड आहे. हिरडीची कड उजव्यापेक्षा पाऊण मिलिमीटर वर, म्हणजे दात तेवढा लांब दिसतो. आईच्या ते लगेच लक्षात आलं आणि हिरडी सारखी करता येईल का असं त्यांनी विचारलं. येईल, पण आत्ता नाही. या वयात हिरडीची कड अजून बदलत असते, उजव्या दाताचीही ती थोडी वर जाईल. अठराव्या वर्षी फरक उरला आणि त्याला स्वतःला खटकला, तर बघू. सध्या त्याला तो दिसतही नाही.

ओढून आणलेला दात पुन्हा वर जायला बघतो, म्हणून मागच्या बाजूने बारीक तार कायमची चिकटवली, फक्त दोन मधल्या दातांना. चारही पटाशीचे बांधले असते तर जास्त पक्कं झालं असतं. पण सुळे अजून यायचे आहेत. ते उतरताना बाजूच्या दातांच्या मुळांना हलायला मोकळीक हवी. दोन्ही सुळ्यांचे उंचवटे ओठाखाली बोटाला लागतात, हे दहाव्या वर्षीच तपासून ठेवलं होतं. बारा-तेराव्या वर्षी सगळे पक्के दात आल्यावर पूर्ण तारा लागतील की नाही ते तेव्हा ठरेल. लागतील असं मला वाटतं, खालचे दात थोडे दाटीत आहेत.

मागच्या तपासणीला बरोबर धाकटी बहीण होती, सात वर्षं पाच महिन्यांची. जादा दात काही घरांत फिरतो हे मीच सांगितलं होतं, त्यामुळे आईने तिचाही एक्स-रे काढायला सांगितलं. तिचे दोन्ही वरचे मधले दात आलेले होते, चार महिन्यांच्या अंतराने, दोन्ही सारख्या उंचीकडे निघालेले. मी एक्स-रे काढला नाही. बाजूचे दात आठ-नऊच्या दरम्यान आले की दाखवायला सांगितलं, आणि तारीख लिहून दिली.